जुंपून पाहिलेली मोटार

वर्ध्यात प्रेमदास मिस्त्रीसारखा मोटारीचा जाणकार नव्हता, आणि हे प्रेमदासला जरा जास्तच ठाऊक होतं. किसनराव कापूसवाल्यांची जुनी मोटार चालू केली की आत कुणी उखळात कांडतंय असा आवाज यायचा. बेअरिंगं झिजलेली. दुरुस्ती करायची तर सगळं इंजिन उघडा, नागपूरहून सामान आणा. किसनराव म्हणाले, "मले गाडी सुधरवाची नाई, इकाची हाय. तू फक्त तिचं तोंड बंद कर."

आता नाही म्हणायला काय जिभेला फोड आला होता? पण गिऱ्हाईक पडलं मोठं. प्रेमदासनं इंजिनात काकवीसारखं जाड तेल ओतलं, गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा कोंबला. मोटार इतकी गप्प झाली, की चालू आहे की बंद ते खुद्द किसनरावांना कळेना. तेल तापून पातळ झालं की सगळं उघडं पडणार, हे दोघांनाही माहीत होतं. पण घेणारा गावात एक चक्कर मारतो आणि सौदा करतो, हेही माहीत होतं.

घेणारे आले ते नेमके वडनेरचे बापूराव. जन्मभर बैल घेतलेला माणूस! त्यांनी मोटारीच्या पाठीवर थाप मारली, चहूबाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाले, "आमी बैल भरल्या बंडीले जुंपून पाह्यतो. मोटारीचंबी तसंच. चला, माणसं भरून सेलूले."

तेवढ्यात प्रेमदासची बायको वच्छलाबाई डबा घेऊन आली. तिचं माहेर सेलूचं. मिस्त्रीची बायको असून पायी येते, असं भावजय तिला दर खेपेला टोचायची. "मी येतो ना भरायले!" म्हणत बाई पळाल्या आणि नवं लुगडं नेसून परत हजर.

प्रेमदास पेचात पडला. बायकोला उतरवावं तर कारण सांगावं लागणार. मग काय, बापडा रस्ताभर इंजिन थंड करायला निमित्तं शोधत बसला. पवनारला नदीला हात जोडायचे म्हणून गाडी थांबवली. पुढे लघवीला थांबवली. थोडं पुढे पुन्हा लघवीला.

"तुमाले बरं नाई का जी?" वच्छलाबाईनं काळजीनं विचारलं.

सेलू दिसायला लागलं आणि उखळ सुरू झालं. टक्. टक्. ठक्क!

"हा आवाज कायचा?" बापूराव सरसावून बसले.

"रस्त्याचे गोटे लागून राह्यले," गाडी चालवता चालवता किसनराव म्हणाले आणि त्यांनी मिस्त्रीकडे डोळे वटारले.

"मिस्त्री, तुमी सांगा. तुमच्या शब्दावर घेतो गाडी."

प्रेमदासनं तोंड उघडलं. गोट्यांवरच ढकलायचं त्यानं ठरवलंही होतं. पण वच्छलाबाई मधेच ठसक्यात बोलली, "गोटेच असतीन. माह्या माणसानं पाह्यलेली गाडी हाय. ते खोटं काम करतच नाईत."

मेलाच तो! किसनरावांचे डोळे त्यानं सोसले असते, हे काही सोसवेना. त्याला मनापासून लाज वाटली.

"गाडी थांबवा," तो म्हणाला. "इंजन गेलेलं हाय, बापूरावजी. जाड तेल नि भुसा भरून मीच लपवलं."

"नमकहराम!" किसनराव ओरडले. बापूराव शांतपणे खाली उतरले. "बैल बसला, सौदा मोडला," म्हणाले आणि पायीच चालू लागले. इंजिन तर बंद पडलं ते पडलंच. स्टिअरिंग किसनरावांनी धरलं, ढकलायला उरला प्रेमदास.

"तू तरी उतर ना, जड होते," तो धापा टाकत म्हणाला.

"नाई उतरत. मले तोंडघशी पाडलं तुमी." वच्छलाबाईचे डोळे भरले होते, पण बैठक हलली नाही.

अशी ती मोटार माहेरच्या दारात पोचली. भावजय बाहेर आली. "अवं बाई, मोटार! पण भाऊजी मांगून काऊन ढकलून राह्यले?"

वच्छलाबाईनं पदर सारखा केला. "गाडी बिघडेल हाय हे ह्यायले घरूनच मालूम होतं, वयनी. सांगाले सेलूपर्यंत उशीर केला, म्हून ढकलून राह्यले." मग घामानं निथळणाऱ्या नवऱ्याकडे तिनं एकदा पाहिलं. "च्या मांडजो. ह्यायच्या कपात साखर जराशी जास्त टाकजो. सांगतलं तरी शेवटी."