माझं नाव सूचक

मित्रांनो, मी एक जुनी इमारत आहे. उंची म्हणाल तर एकेकाळी तुमच्या कमरेएवढी. हसू नका. मला सात मजले होते, दोन लिफ्ट होत्या, गच्चीवर हिरवळ होती आणि खाली दुकानांच्या गाळ्यांची रांग होती. फक्त माझ्या आत आजवर कोणी पाऊल ठेवलेलं नाही, कारण मी पुठ्ठ्याची आहे. खरी इमारत बांधायच्या आधी लोकांना दाखवायला जो नमुना करतात ना, तो मी. माणसाला कोणी नमुना म्हटलं की बाकीचे तोंड दाबून हसतात. माझं मात्र त्याच शब्दावर सगळं आयुष्य गेलं.

मला घडवलं चिमटेकाकांनी. त्यांचं खरं नाव कोणास ठाऊक. हातात सदा बारीक चिमटा, म्हणून सगळे त्यांना तसंच म्हणत. पुठ्ठा कापायचा, कडा घासायच्या, खिडक्यांना निळसर प्लास्टिक लावायचं, स्पंजाचे तुकडे हिरव्या रंगात बुडवून झाडं करायची, असं त्यांचं काम चाले. नखाएवढी माणसं फुटपाथवर उभी करताना ते श्वास रोखून धरत. एखादं आडवं पडलं की म्हणत, "उठा साहेब, ऑफिसला उशीर होतोय." माझ्या पोटात त्यांनी दिवे बसवले. पहिल्यांदा बटण दाबलं, सगळे मजले उजळले आणि काका नुसते बघत राहिले. इतक्या मायेनं मला पुन्हा कोणी बघितलं नाही.

तिथून मी बिल्डरच्या ऑफिसात आले. दालनाच्या मधोमध टेबल, टेबलावर मी, माझ्यावर काचेची पेटी. पायाशी पितळेची पट्टी ठोकलेली. तिच्यावर दोनच शब्द होते, 'प्रतिकृती सूचक'. मला वाटलं, हे माझं नाव. आधी आडनाव, मग नाव. कोणी पट्टी वाचायला वाकलं की मी मनातून ताठ व्हायची, की चला, यांनाही आपलं नाव कळलं. किती खुळी होते मी.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. ऑफिसांच्या जागांना तेव्हा भलतीच मागणी होती. कोणाला स्वतःच्या कंपनीसाठी अख्खा मजला हवा असे, तर कोणाला नुसता गाळा घेऊन भाड्यानं द्यायचा असे. येणारा प्रत्येकजण आधी माझ्यापाशी थांबायचा. मला दाखवायचं काम ताईकडे होतं. सगळं ऑफिस तिला ताईच म्हणायचं, अगदी साहेबसुद्धा, आणि साहेब म्हणजे ऑफिसचे मालक. ताई तिथं फोन घ्यायला म्हणून लागली होती. बोलणं गोड, चेहरा लक्षात ठेवण्याची हातोटी, त्यामुळे बघता बघता ती विक्रीचं सगळं बघायला लागली. रोज सकाळी ती स्वतःच्या ओढणीनं माझी काच पुसायची. तिच्याएवढा माझ्यावर कोणाचा विश्वास नव्हता.

एके दिवशी ती आपल्या आत्याला घेऊन आली. ताईची आई ती लहान असतानाच गेली होती. आत्यानं शिवणकाम करून तिला वाढवलं, शिकवलं. आत्याचं एका जुन्या गल्लीत कोपऱ्यावर भाड्याचं छोटं दुकान होतं. कपडे उसवून द्यायचे, आखूड करायचे, चेन बदलायच्या. बाई बोलायला फटकळ, पण हात सोन्यासारखा.

ताईनं माझे दिवे लावले आणि खालच्या कोपऱ्यातल्या गाळ्यावर बोट ठेवलं. "आत्या, हा तुझा."

आत्यानं चष्मा वर केला. "एवढासा? यात माझं मशिनसुद्धा मावायचं नाही."

"अगं, हे नुसतं दाखवायला आहे. खरा मोठा असतो. वर सात मजले ऑफिसं. सगळ्यांच्या पँटी तुझ्याकडेच येणार."

"आणि उजेड?"

"दोन्ही बाजूंनी काच आहे. बघ की."

आत्यानं मला चारी बाजूंनी बघितलं. गिऱ्हाईकाचं माप घेताना बघत असेल, तसंच. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर घेऊ." मला नीट आठवतं, तिनं मला नाही विचारलं, साहेबांना नाही विचारलं. ती ताईकडे बघून म्हणाली.

पुढे चिमटेकाकांना सांगून ताईनं त्या गाळ्यावर तांदळाच्या दाण्याएवढी पाटी लावून घेतली. पाटीवर कात्री रंगवलेली होती. मी तर हवेतच होते. सात मजल्यांत माझा सगळा जीव त्या कोपऱ्यात होता.

आणि मग दिवस फिरले. लोक घरी बसून काम करू लागले. मोठमोठ्या कंपन्यांनी घेतलेले मजले सोडून दिले. दालनात येणारी पावलं कमी झाली, मग थांबलीच. माझे दिवे लावायचं कारण उरलं नाही. साहेब माझ्या शेजारी उभं राहून फोनवर बोलायचे, "ऑफिसं कोण घेतंय आता? लोकांना घरबसल्या सामान मागवायचंय. गोदामं बांधा, गोदामं." मी ऐकत होते. आपल्याविषयी बोलणं चाललंय, हे माझ्या पुठ्ठ्याच्या डोक्यात शिरलं नाही.

एका सकाळी ऑफिस उघडायच्या वेळी चिमटेकाका आले. त्यांनी काच उचलली, दिव्यांच्या तारा सोडवल्या आणि ब्लेड घेतलं. मला वाटलं, डागडुजी असेल. त्यांनी माझे वरचे मजले कापून काढले. खिडक्या उपसल्या आणि तिथं कोरा करडा पुठ्ठा लावला. गाळ्यांची रांग गेली. कोपऱ्यात ट्रक आत यायचं दार बसलं. ज्या हातांनी मला उभं केलं त्यांनीच हे करावं? काका एकदाही माझ्याकडे धड बघत नव्हते.

ते दाराला गोंद लावत होते, तेवढ्यात ताई आली.

"काका, हे काय?"

काका दचकले. "गोदाम. साहेबांनी मागेच सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

"कोपऱ्यातला गाळा कुठाय?"

काकांनी टेबलावरच्या कचऱ्याकडे नुसती मान केली.

ताई तडक साहेबांच्या केबिनकडे निघाली, पण साहेब स्वतःच बाहेर आले. ताईनं विचारलं, "साहेब, लोकांना आपण शब्द दिलाय. त्याचं काय?"

साहेब शांतपणे वाकले आणि माझ्या पट्टीवर टिचकी मारली. "शब्द कुठं दिलाय? इथं काय लिहिलंय, वाचा. सूचक. म्हणजे असं होऊ शकतं. होईलच, असं आपण कधी म्हटलंय? पैसे सगळ्यांचे परत करू. आणि ताई, तुमचं नुकसान नाही होऊ देणार मी. गोदामांचा सगळा विभाग तुम्ही बघा. स्वतंत्र केबिन देतो."

मित्रांनो, तेव्हा मला कळलं की ते माझं नाव नव्हतंच. ती साहेबांनी ठेवलेली पळवाट होती आणि ती माझ्याच पायाशी ठोकली होती. इतकी वर्षं माझा चेहरा दाखवून लोकांना भुलवलं, आणि मी मात्र वाचणाऱ्यांसमोर मिरवत राहिले. राग आला, फार राग आला. पण पुठ्ठा रागावून काय करणार?

मला वाटलं, ताई आता भडकेल, किल्ल्या टेबलावर टाकून चालती होईल. ती म्हणाली, "विचार करून सांगते." आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हो म्हणाली. तिच्या घरात खाणारी तोंडं होती, मान्य आहे. तरी माझ्या मनातून ती त्या दिवशी उतरली.

पुढचे काही दिवस ती साहेबांच्या मागे मागे होती. आत्यासाठी दुसरीकडे कुठं गाळा मिळेल का, एवढंच विचारायची. साहेब म्हणायचे, बघू. त्यातच एकदा ती माझ्याशेजारी उभी असताना आत्याचा फोन आला. पलीकडचं मला ऐकू आलं नाही. ताईचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात साहेबांनी केबिनमधून हाक मारली. ताई घाईनं म्हणाली, "बरं, आत्या. बरं." आणि फोन ठेवला.

दोन दिवसांनी आत्या स्वतः आली. हातात मापाची फीत होती. नव्या दुकानाला पडदा किती लागेल ते विचारायला आली होती. तिनं मला बघितलं, ट्रकच्या दारावर तिची नजर थांबली.

"हे कुठलं गं?"

"आत्या, बस ना जरा."

"माझं दुकान कुठंय?"

ताईनं ओढणीचं टोक चुरगाळलं. "आत्या, ते सूचक होतं. म्हणजे तसं अगदी नक्की नसतं."

"तू तर नक्की म्हणून सांगितलंस."

"मला तेव्हा नक्कीच वाटत होतं गं."

"आणि नाही होणार, हे तुला कधी कळलं?"

ताईनं तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली.

"कधी कळलं?"

"मागच्या आठवड्यात."

आत्या खुर्चीचा हात धरून उभी राहिली. "परवा मी तुला फोन केला. म्हटलं, भाड्याचा करार संपलाय, नवं दुकान होईस्तोवर घरूनच शिवेन, जुन्या दुकानाची किल्ली मालकाला परत द्यायला निघालेय. तू म्हणालीस, बरं."

"मी काहीतरी करणार होते, आत्या. साहेबांशी बोलणं चाललं होतं. तुला उगाच घोर नको म्हणून..."

"त्या मालकानं लगेच मोबाइलवाल्याला दिलं दुकान. माझं मशिन जिन्याखाली पडलंय." आत्यानं फीत गुंडाळून पिशवीत टाकली. "साहेब परके होते. त्यांचं मला काही नाही." एवढं बोलून ती गेली. ताई दारापर्यंत धावली आणि तिथंच थांबली, कारण आतून साहेबांनी पुन्हा बोलावलं होतं.

पुढं गोदामाचा नवा, मोठा नमुना आला. मला सामानाच्या खोलीत टाकलं, जुन्या फलकांच्या मागे. एक बाजू ओलीनं फुगली आहे. चिमटेकाका एकदाही आले नाहीत. ताई मात्र येते. तिची केबिन काचेची आहे, तिथं सगळ्यांना सगळं दिसतं, म्हणून आत्याला फोन करायला ती इथं येते. बरेच दिवस तो कोणी उचललाच नाही. काल उचलला.

"आत्या, मी बोलतेय."

खोली इतकी शांत होती की मलाही पलीकडचं ऐकू आलं. आत्यानं विचारलं, "कोण?"

"मी गं."

"मी कोण?"

आवाजात राग नव्हता. चुकून आलेल्या फोनवर विचारतात, तसं तिनं विचारलं. ताईला आपलं नावही सांगता आलं नाही. तिनं फोन बंद केला, डोळे पुसले आणि गिऱ्हाईक आलं म्हणून बाहेर गेली.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी तुम्हाला सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मी तसं सांगणार नाही. मला खुशाल रद्दीत द्या, माझी कीव करू नका. पण तुमच्या भरवशावर कोणी हातातली किल्ली परत द्यायला निघालं, तर आपल्याला तोंड दाखवायला कितीही लाज वाटो, त्याला आधी थांबवा. त्या दिवशी ताई फोनवर नुसतं "थांब" म्हणाली असती, तर साहेबांनी मला कितीही कापलं असतं तरी आत्या आज आपल्या जुन्या दुकानात मशिनवर बसलेली असती, आणि ताईचा आवाज ऐकून तिनं "बोल गं" म्हटलं असतं.