तपासलेलं पत्र

खोत्सोचं पत्र आलं तेव्हा मी ते आधी दारात उभ्यानंच वाचलं, मग खुर्चीत बसून वाचलं. पुढं कधीतरी परत वाचायला काढलं, तेव्हा माझ्या हातात लाल पेन होतं. उत्तर मात्र मी दिलं नाही.

मी इंग्रजीचा मास्तर. कळंब तालुक्यातल्या एका हायस्कुलात सगळी नोकरी झाली. धडा शिकवताना माझी नजर पुस्तकात असायची, आणि पुस्तकाबाहेरचं इंग्रजी बोलायची वेळ आली की मी मराठीवर यायचो. निवृत्त झाल्यावर कृष्णराज नावाचा माझा जुना विद्यार्थी घरी आला. तो पुण्यातल्या एका संस्थेत होता. निवृत्त शिक्षकांना गरीब देशांत वर्षभर शिकवायला पाठवायचं, पगार नाही, जेवण-राहणं त्यांच्याकडं, असं त्या संस्थेचं काम. "सर, तुमचं नाव दिलंय," तो म्हणाला. मला नाही म्हणता आलं नाही, एवढ्या एका कारणानं मी आफ्रिकेत गेलो. गावाला ते धाडस वाटलं. सत्कारही केला.

देशाचं नाव लेसोथो. चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिका आणि मधी हा एवढासा डोंगराळ, थंडगार मुलूख. तिथली पुष्कळ पोरं लहानपणीच मेंढरांमागं जातात आणि शाळा राहून जाते. अशा पोरांसाठी एका दगडी खोलीत सांजचा वर्ग भरायचा. मेंढरं कोंडून ते यायचे. अंगावर जाड लोकरीचं पांघरूण, खांद्यापाशी मोठ्या पिनेनं अडकवलेलं. पहिल्या दिवशी ते आत येऊन बसले आणि खोलीभर माझ्या वडिलांच्या घोंगडीचा वास सुटला. आमचं घराणंही मेंढरांचंच. त्या वासापासून लांब जायचं म्हणून तर मी शिकलो होतो. मी हे तिथं कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या लेखी मी विमानातून आलेला विद्वान होतो.

शिकवायची मला एकच रीत ठाऊक होती, चूक धरायची. कुणी बोलायला लागलं की मी मधेच थांबवायचो आणि वाक्य नीट करून परत म्हणायला लावायचो. वह्या घरी नेऊन लाल करून आणायचो. त्यांना गोडी लागेल असं मला खरोखर वाटत होतं. हळूहळू वर्ग शांत झाला. मला वाटलं, शिस्त लागली.

एक खोत्सो तेवढा बोलायचा थांबला नाही. वीसेक वर्षांचा, लोकांची मेंढरं राखणारा. मेहनताना म्हणून वर्षाकाठी त्याला काही मेंढरं मिळत. एकदा मी त्याची वही परत दिली तेव्हा त्यानं ती सगळ्यांना उघडून दाखवली आणि मला म्हणाला, "सर, तुमच्या पेनाला लागलंय का कुठं? रक्त थांबेना."

सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढची वही उघडली.

निघताना माझी बॅग घेऊन तो बसपर्यंत आला होता. त्याच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी पत्ता लिहून दिला. काही लागलं तर लिही, म्हटलं. असं आपण म्हणतोच.

करोना ओसरला आणि त्याचं पत्र आलं. डोंगराच्या पायथ्याला पाहुण्यांसाठी एक विश्रामगृह झालं होतं. परदेशी लोकांना घोड्यावर बसवून डोंगर दाखवायला तिथं माणूस हवा होता. खोत्सोला घोडे कळत होते, वाटा पाठ होत्या. मालकानं एकच गोष्ट मागितली होती, पाहुण्यांशी इंग्रजी बोलता येतं असं शिक्षकाच्या सहीचं पत्र. शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'सर, माझी दुसरी शाळा नाही. माझा दाखला तुम्हीच.'

मी त्याच दिवशी लिहायला बसलो. पण याला चांगलं इंग्रजी येतं असं लिहायचं म्हणजे मी चांगलं शिकवलं असं लिहायचं, आणि ते माझ्या हातून उतरेना. तिथं इंग्रज, अमेरिकन माणसं येणार. ती माझ्या चार ओळी वाचतील, असल्या मास्तरचा हा विद्यार्थी, म्हणतील. कच्चं लिहिलं, फाडलं, परत लिहिलं. मग म्हटलं, पोराला खरंच किती येतं ते तरी बघू, म्हणून त्याचं पत्र काढलं आणि पेपरासारखं तपासलं. इतकं लाल झालेलं पाहून मला धीरच झाला नाही. महिना गेला. मग उशीर झाल्याची लाज वाटायला लागली, आणि त्या लाजेत वर्षं गेली.

परवा घट बसायच्या आधी घराची साफसफाई निघाली. माझी बायको धुरपदा कपाटातले जुने कागद ओट्यावर मांडून बसली होती. रद्दीचा ढीग एकीकडं, ठेवायचा दुसरीकडं. तिला इंग्रजी येत नाही. पण एवढा संसार तपासायच्या गठ्ठ्यांतच झाला, त्यामुळं उत्तरपत्रिका तिला लांबून ओळखू येते.

"अवो सर," ती म्हणाली. टोमणा मारायचा असला की ती मला सर म्हणते. "ह्यो एक पेपर ऱ्हायलाय बगा तुमचा."

मी हात पुढं केला. खोत्सोचं पत्र होतं.

"कुणाचं पोरगं हाय?"

"तिकडचं. आफ्रिकेतलं."

"लई चुकलंय की वो. सगळं लालच केलंय." तिनं कागद उलटा करून पाहिला. "आन मार्क कुठं हायती?"

"मार्क नाही दिले."

"एवढं तपासलं आन निकाल न्हाय लावला? मग ते पोरगं पास का नापास?"

पेपर नाही, पत्र आहे, एवढंच म्हणालो.

"मंग वाचा की. काय म्हणतंय ते."

मी चष्मा पुसला आणि मराठीत सांगत गेलो. विश्रामगृह, घोडे, डोंगरातल्या वाटा, शिक्षकाच्या सहीची गोष्ट. तिचा हात कागदांवर थांबला होता. मी कुठंही अडखळलो नाही. लाल रेघांच्या खालून सरळ वाचत होतो, आणि त्याला काय म्हणायचंय ते मला प्रत्येक ओळीत कळत होतं. पहिल्या दिवशी दारात उभ्यानं वाचलं तेव्हाही कळलंच होतं.

"दिलं का मग पत्र?"

"नाही."

"का वो?"

"माझ्या सहीनं त्याचं हसं होईल असं वाटलं."

"आन सही न करून काय झालं?"

"ते कसं कळणार?"

"व्हय," ती म्हणाली. "तुमी इचारलंच न्हाय." आणि तिनं रद्दीचा ढीग सुतळीनं बांधायला घेतला. पत्र मात्र माझ्याच हातात ठेवलं.

दुपारी मी लिहायला बसलो. या वेळी कच्चं केलं नाही. मालकासाठी वेगळ्या कागदावर लिहिलं की हा माणूस मनात असेल ते इंग्रजीत सांगू शकतो आणि समोरच्याला ते समजतं. मी त्याचा शिक्षक होतो, माझी खात्री आहे. खाली सही केली. खोत्सोला लिहिलं की तुझं पत्र मी वेळेवर वाचलं होतं आणि त्यातली प्रत्येक ओळ मला कळली होती. ती जागा आता गेली असेल तर ती माझ्यामुळं गेली. दुसरीकडं कुठं उपयोग होईल म्हणून पत्र पाठवतोय, नाही झाला तर टाकून दे. आणि लिहिलं की माझे वडील मेंढपाळ होते. तुम्ही सगळे वर्गात येऊन बसायचा तेव्हा मला त्यांच्या घोंगडीची आठवण यायची. हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

पाकीट चिकटवल्यावर एक शब्द राहिल्यासारखं वाटलं. उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी एसटीनं कळंबला गेलो. पोस्टातल्या मुलीनं पाकीट काट्यावर ठेवलं, पत्ता दोनदा वाचला.

"काका, हे लेसोथो कुठंशी आलं?"

"दक्षिण आफ्रिकेच्या मधोमध."

"तिथं कोण असतं तुमचं?"

"विद्यार्थी."

तिनं मान वर करून एकदा माझ्याकडं पाहिलं. मग पाकीट उलटसुलट केलं. "पाठवणाऱ्याचा पत्ता न्हाय टाकला."

"नसला तर चालत नाही का?"

"पोचलं न्हाय तर वापस कुठं यायचं? आन त्यांनी उत्तर द्यायचं म्हटलं तर?"

ती जागा मी विसरून सोडली नव्हती. वहीतला जुना पत्ता आता त्याच्याकडं नसेलही. ती नोकरी मिळाली नाही, अजून मेंढरंच राखतोय, असं त्यानं लिहिलं तर ते मला वाचावं लागेल. खिशाला हात गेला. लाल पेन होतं. मुलीनं दोऱ्याला बांधलेलं निळं पेन पुढं सरकवलं. माझ्यामागं रांग होती.

मी नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका, जिल्हा धाराशिव, पिनकोड लिहिला, आणि पाकीट तिच्याकडं दिलं. तिनं त्यावर शिक्का मारला.