झुल्यावरची पाहुणी

सर्कशीत पहिल्यांदा झुल्यावर चढणाऱ्या मुलीला त्या दिवसापुरतं नाव नसायचं. सगळे तिला 'पाहुणी' म्हणायचे. का, तर विदूषक डोळा मारून सांगायचा, "पहिला चहा पाहुण्याला मिळतो ना, म्हणून!" शुद्ध थाप! चहा त्या बिचारीच्या घशाखाली उतरायचासुद्धा नाही.

खरं कारण झेल्याला ठाऊक होतं. झेल्या म्हणजे झुल्यावर गुडघ्यांनी उलटं लटकून, समोरून उडत येणाऱ्याची मनगटं पकडणारा. त्याची थोरली बहीण पहिल्याच खेळात त्यांच्या वडिलांच्या हातून निसटली आणि जाळीबाहेर पडून जागीच गेली. त्यानंतर वडिलांनी हा शब्द काढला. पुन्हा कोणी पडलंच तर पाहुणी पडली म्हणायचं, घरचं माणूस नाही. मन घट्ट करायची ही त्यांची रीत. म्हातारा रडला मात्र मरेपर्यंत.

आणि आजची पाहुणी होती झेल्याची एकुलती एक लेक.

सकाळीच जाळीचे दोर त्याने स्वतः ओढून पाहिले, मग मेहुण्याला ओढायला लावले, मग पुन्हा स्वतः ओढले.

"अहो दाजी, तुमच्या ओढण्यानेच तुटेल ती," मेहुणा म्हणाला.

झेल्याला हसू आलं नाही. कितीही पावडर चोळली तरी तळवे ओलेच.

झेल्या आपल्या झुल्यावर उलटा लटकला आणि बँड थांबला. समोरच्या फळीवरून लेकीने झुला घेतला. आता त्याने "पाहुणी, ये!" अशी हाक द्यायची होती. पण भीतीने त्याची बोबडीच वळली. तिचा झुला एकदा येऊन गेला, दुसऱ्यांदा येऊन गेला.

शेवटी तीच ओरडली, "बाबा, आले!" आणि तिने हात सोडले.

त्याचे हात सवयीने पुढे गेले, आणि मनगटं सापडली. तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला.

आता तिला जाळीत सोडायचं. रोजचंच काम, पण तो सोडेचना. झुला मंदावला, दोघं मधोमध लोंबकळत राहिले. लोकांना वाटलं गंमत आहे, ते हसू लागले.

"बाबा, सोडा ना."

"जाळी नीट बघ आधी."

"बघितली हो! मामा आहे खाली. सोडा, हात दुखतायत."

त्याची बोटं काही उघडेनात. मग तिनेच मनगटं पिळून सोडवून घेतली.

जाळीत दोनदा उसळून ती हसत उठली. झेल्या तसाच उलटा, डोळे गच्च मिटून. खालून मेहुणा ओरडत होता, "दाजी, पोहोचली हो! उघडा डोळे!"