मला सोडून सगळ्यांना विचारलं

मी पश्चिम आफ्रिकेतल्या गोल्ड कोस्टच्या रानातला ओडुम वृक्ष बोलतोय. वाळत चाललोय, पण आता गप्प बसवत नाही.

आमच्या गावात झाडावर कुऱ्हाड घालण्याआधी त्यालाच विचारतात. बुंध्याशी अंडं फोडतात, ताडी ओततात, "बाबा, तुझी गरज पडली" म्हणतात. माझ्या शेजारच्याला असंच विचारून नेलं आणि त्याची दारं केली. मला वाईट वाटलं, राग आला नाही.

मग जिल्ह्याच्या हार्टवेल साहेबाला रानाबद्दल तज्ज्ञाचा सल्ला घ्यायची हुक्की आली. त्याने गव्हर्नरला विचारलं, गव्हर्नरने लंडनला. लंडनने पाठवला पेलिंग साहेब, ज्याचा सारा जन्म ब्रह्मदेशातल्या सागवानात गेलेला.

पेलिंगने मला खालीवर न्याहाळलं. "बुंध्याभोवती पट्टा कापा. झाड उभ्या उभ्या वाळतं, हलकं होतं. मग सोडा नदीत, तरंगत बंदराला जाईल. आम्ही सागाला हेच करतो."

माझ्या सावलीत भाजलेली केळी विकणारी अफुआ सेरवा कमरेवर हात ठेवून उठली. "कुठल्या नदीत? ह्या ओढ्यात माझं पातेलं बुडत नाही, आणि हे धूड तरंगणार? डोकं फिरलंय का ह्याचं?"

"मावशी म्हणतात, नदी फार छान आहे," दुभाष्याने घाम पुसत साहेबाला सांगितलं. साहेब खूष!

सेरवा गावच्या प्रमुखाकडे धावली. "नाना, निदान झाडाला विचारा तरी!"

"अगं, साहेबाने लंडनला विचारलंय," नाना ओबिरी वैतागले. "त्यापुढे झाडाचं कोण ऐकतो?"

पट्टा कापला. माझं अन्नपाणी तिथेच तुटलं. पेलिंग तापाने आजारी पडून मायदेशी गेला, हार्टवेलची बदली झाली आणि मी तसाच उभा राहिलो.

यंदा नवा तज्ज्ञ आला, लोमॅक्स. माझ्या बोडक्या फांद्यांकडे मान वर करून बघत राहिला. हातभर रुंद पट्टा नाकासमोर होता, तो काही दिसला नाही. म्हणाला, "ओडुमला ही माती मानवत नाही. ब्रह्मदेशातून सागाची रोपं मागवा. तोवर इथली जागा साफ करा."

माती मानवत नाही! अरे, माझी पानं गळून ऊन खाली आलं, तशी माझीच पोरं पायाशी तरारून आलीत. तीच उपटायला उद्या माणसं येणार आहेत.

सेरवाबाई, माझं आता काही होत नाही. पण तू उद्या केळी विकायला बसू नकोस. ह्या पोरांच्या पुढ्यात उभी राहा आणि गावाला ऐकू जाईल अशी भांड.