दोनचा कंस

बँड तिसऱ्यांदा धुनेच्या सुरुवातीकडे मागे वळला, तेव्हा विंगेत उभ्या असलेल्या भाचीने दोरी इतकी आवळली की पडदा वीतभर खाली आला.

धून दोनदाच वाजायची होती. पहिल्या फेरीच्या शेवटी कागदावर 'एक' आकड्याचा कंस, त्यात शेवटचे काही सूर. तो वाजवून पुन्हा सुरुवातीला जायचं. दुसऱ्या फेरीला तो वगळून 'दोन'च्या कंसात शिरायचं आणि तिथून सुखरूप बाहेर पडायचं. जुनी पानं फाटली म्हणून तिने सगळ्यांना नव्या नकला करून दिल्या होत्या. हे तिचं पहिलंच काम. 'दोन'चा कंस दुसऱ्या पानावर होता, आणि समोरच्या एकोणतीस वादकांपैकी एकाकडेही दुसरं पान नव्हतं.

"मी लावलं होतं ना?" तिने दोरीला विचारलं. दोरीने कानावर हात ठेवले.

खरं तर धून सगळ्यांना तोंडपाठ होती. पण बँडमास्तरांचा नियम असा, की पाठ असलं तरी कागदावर असेल तेच वाजवायचं. पूर्वी एक क्लॅरिनेटवाला कागदाबाहेर गेला होता. तो आता छत्र्या दुरुस्त करतो. त्यामुळे एकोणतीस माणसं इमानेइतबारे मागे वळत होती. मास्तर हातवारे करून थांबवत होते, पण 'नजर कागदावर' हेही त्यांनीच शिकवलेलं. त्यांच्याकडे बघणार कोण?

शेवटच्या रांगेत तिसावे वादक, तिचे मामा, बसले होते, झांजा घेऊन. अख्ख्या धुनेत त्यांचा ठोका एकच, तोही 'दोन'च्या कंसात. तोवर गप्प बसून मोजायचं, म्हणून त्यांचा कागद एका पानात मावलेला. शेवट होता तो एकट्या त्यांच्यापाशी. एकतीस वर्षांत त्यांचं मोजणं चुकलं नव्हतं. जेवतानाही ओठ हलायचे. मामी म्हणायची, "घास मोजताय की माझे गुन्हे?" आज त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता.

'मामा, वाजवा ना!' ती आवाज न करता ओरडली.

मामांचे डोळे मिटलेले होते. झांजा मांडीवर. आणि ओठ हलत नव्हते.

पाचव्या फेरीला प्रेक्षकांत चुळबुळ झाली. सहाव्या फेरीला ती थांबली. सातव्या फेरीला काय झालं, ते तिला पुढे कधीच धड सांगता आलं नाही. सूर तेच, तिनेच शाईने लिहिलेले, ठिपकान् ठिपका ओळखीचा. पण बासरी वर चढताना खालून तुताऱ्या तिला असा हात देत होत्या, की हे आपण लिहिलंय यावर तिचा विश्वास बसेना. दारावरचा रखवालदार टोपी काढून आत आला आणि कुणी तिकीट विचारेल या भीतीने भिंतीला चिकटून उभा राहिला. मास्तरांचे हात हवेतच होते. ते आता थांबवत होते की धरून ठेवत होते, कळेना. काम गेलं, हेही ती विसरून गेली. अंगावर काटा तेवढा राहिला.

मग मामांनी डोळे उघडले आणि उठून झांजा एकमेकींवर आणल्या.

झांज वाजली की संपलं, हे सगळ्यांना कागदाआधीपासून ठाऊक होतं. पितळेची थरथर खिडक्यांच्या काचांत गेली, तिथून लोकांच्या बरगड्यांत. टाळी वाजवायला कुणी धजेना.

आत खोलीत तिने झांजा ठेवायला मामांची पेटी उघडली. फडक्याखाली एकोणतीस पानं होती. तिचंच अक्षर.

"मामा!"

"दुपारी काढली." मामा बुटाची नाडी सोडत म्हणाले. "एकतीस वर्षं मोजत आलो गं. मोजणाऱ्याला ऐकू येत नाही. एकदा ऐकायचं होतं."

"अहो, पण माझं काम..."

"मी सांगतो मास्तरांना."

मास्तर दारातच होते. पेटी बंद करून ती तिच्यावर बसली.

"दुसरं पान कुठंय?"

"माझ्याकडून राहिलं," ती म्हणाली. मामांनी तोंड उघडलं, तसा तिने त्यांच्या पायावर पाय दिला.

मास्तरांनी आत येऊन पेटीकडे पाहिलं. मग मामांकडे.

"फेऱ्या किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत," मामा म्हणाले.

मास्तर दारापर्यंत गेले, मागे वळले आणि पुन्हा तिच्यासमोर येऊन थांबले.

"ते पान सापडलं, तर सावकाश दे," ते म्हणाले. "घाई नाही."