वरवंट्याला टोपडं

बारशाच्या सकाळी नम्रताला यच्चयावत माणसांच्या तोंडांची किळस आली होती. तोंडं होतीच तशी. कुणाचं पानाने रंगलेलं, कुणाचं बासुंदी चाखून तसंच पदराला पुसलेलं, आणि त्यातलं प्रत्येक तोंड पाळण्यावर वाकून तिच्या मुलाचा मुका घेऊ पाहत होतं. एका बाईने तर बोट जिभेवर ओलं करून काजळाच्या डबीत घातलं आणि पोराच्या कपाळावर तीट लावली. नम्रताने ओल्या कापसाने ती पुसली, तेव्हा बाई फुरंगटून बसल्या.

मुलगा घरी येऊन चारच दिवस झाले होते. पावणेदोन किलोचा जीव. जुळी तिसाव्या आठवड्यात झाली आणि पाच आठवडे काचेच्या पेट्यांत राहिली. मुलगा सुटला. मुलगी अजून तिथेच होती, दीड किलोला वीस ग्रॅम कमी. तिच्या पोटाला वरचं दूध सोसत नव्हतं. एकदाच पावडरचं दिलं, तर पोट नगाऱ्यासारखं फुगलं आणि दोन दिवस सगळं बंद करून सलाइन लावावं लागलं. "आईचंच दूध, तेही वेळेवर," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "सोमवारपर्यंत वजन चढत राहिलं तर घेऊन जा. घसरलं तर पुन्हा पहिल्यापासून."

म्हणून नम्रता रात्रंदिवस पंप लावून बसायची. उकळलेल्या स्टीलच्या चिमुकल्या डब्यांत दूध काढायचं, झाकणावर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची, डबे फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात ठेवायचे. उत्तरेश्वर, तिचा नवरा, ते धायरीहून बाइकवर इस्पितळात पोचवायचा आणि तसाच पुढे हिंजवडीला कंपनीत जायचा. एवढं तो बिनबोभाट करायचा, नाही म्हणायला नको. पण मुलांची त्याने एक्सेल शीटही केली होती. वजन, दूध, शी, शू. चांगल्या दिवसाला हिरवा रंग, बेताच्या दिवसाला पिवळा, वाईट दिवसाला लाल. ती शीट रोज सगळ्या नातेवाइकांना मेलने जायची आणि बार्शीपासून न्यू जर्सीपर्यंत लोक त्याच्या टापटिपीचं कौतुक करायचे. मुलीला मांडीवर घ्यायला मात्र तो कधी पुढे यायचा नाही. तो काचेबाहेरून फोटो काढायचा.

बारशाचं खूळ मुक्ताताईचं, म्हणजे नम्रताच्या नणंदेचं. तिला आठच दिवसांची रजा होती. "जुळ्यांचं एकदमच उरकून टाकू," ती म्हणाली.

"ताई, मुलगी इस्पितळात आहे."

"मग काय झालं? वरवंटा आहे की."

बारशाला वरवंटा नटवून पाळण्याखालून फिरवतात, हे काय नम्रताला ठाऊक नव्हतं? पण तिच्या पोरीच्या जागी वरवंटा? तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आता सगळ्यांना बोलावून झालंय." असा हा माणूस.

तेव्हा मुलाच्या शेजारी दुसरा पाळणा टांगला गेला, त्यात वरवंटा निजवला आणि त्याच्या डोक्यावर टोपडं चढवलं. तेही कुठलं? नम्रताने आपल्या आईच्या जुन्या मऊ लुगड्यातून मुलीसाठी हाताने शिवलेलं. "ही बरी गं बाई, रडत नाही की काही नाही," कुणीतरी म्हणालं. "आणि भावापेक्षा वजनदार!" दुसरीने जोड दिली. हॉल खदखदून हसला. 

सासूबाई, सोजरबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. मिश्रीने काळवंडलेल्या त्यांच्या बोटाचीही नम्रताला किळस यायची आणि चार दिवसांत तिने त्यांना पोराला हात लावू दिला नव्हता. त्या नुसत्या बघत बसायच्या.

साडेदहाला कंपनीतले सात-आठ जण अवचित आले. घरातलं दूध बासुंदीत आटलेलं. मुक्ताताईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "उत्तरेश, दूध कुठंय रे?" उत्तरेश्वर न्यू जर्सीच्या चुलतभावाला बारसं दाखवायला लॅपटॉपचा कॅमेरा लावत होता. मान वर न करता म्हणाला, "फ्रिजमध्ये डब्यांत आहे बघ." आलेला माणूस बिनचहाचा जाऊ द्यायचा नाही, हा त्या घराचा धर्म. मुक्ताताईने तो पाळला.

अकराच्या सुमारास नम्रता बारा वाजताच्या दुधाचा डबा काढायला आत गेली. मोरीत तिन्ही डबे पालथे पडले होते. झाकणांवरच्या पट्ट्या भिजून सुटल्या होत्या; त्यांवर तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, पहाटे दोन, पहाटे पाच, सकाळी आठ. गॅसवर चहाचं रिकामं पातेलं होतं.

उत्तरेश्वर मागोमाग आला. डब्यांकडे बघून त्याचा चेहरा उतरला. मग तो हळू आवाजात म्हणाला, "चुकून झालं गं. आता काही बोलू नकोस, ऑफिसची माणसं आहेत. एक वेळ पावडर देतील तिला."

एक वेळ! पोट फुगल्याच्या दिवशी ह्याने शीटमध्ये लाल रंग भरला होता, तोही अचूक. नम्रताला वाटलं, पान खाणारी तोंडं परवडली. हा माणूस स्वच्छ दात घासतो, रोज दाढी करतो, आणि असं बोलतो.

ती बाहेर आली. कप निम्मे झाले होते.

"चहा जरा पांचट झालाय बाई," तीट लावणाऱ्या बाई म्हणाल्या.

"होणारच," नम्रता म्हणाली. "म्हशीचं दूध नाही ते. माझं आहे."

हॉलमध्ये कुणाला काही कळेना. तिने समजावून सांगितलं, अगदी शांतपणे, जणू ऑफिसात शंकानिरसन चाललंय. "इस्पितळातल्या मुलीसाठी काढून ठेवलं होतं. तुम्ही सगळे मिळून प्यायलात. साखर बरोबर आहे ना?"

मग जे झालं ते बघण्यासारखं होतं. कंपनीतला एकजण तोंडावर हात दाबून गॅलरीत पळाला. तीटवाल्या बाई बेसिनपाशी खळाखळा चुळा भरू लागल्या. मुक्ताताई "शी, शी, आई गं" करत पदराने जीभ पुसत होती. तान्ह्या पोराला स्वतःची थुंकी फासताना ज्यांना काही वाटलं नव्हतं, त्यांना आता भडभडून येत होतं. लॅपटॉपमधून न्यू जर्सी विचारत होती, "काय झालं? आवाज येत नाहीये."

एकट्या सोजरबाईंनी बशीत उरलेला घोट शांतपणे पिऊन टाकला. "वकतीस काय?" त्या लेकीला म्हणाल्या. "लेकराच्या तोंडचं हाय ते. सांडायचं न्हाय."

त्या उठल्या. वरवंट्याचं टोपडं ओढून काढलं आणि स्वयंपाकघरात उकळायला टाकलं. हातातल्या बांगड्या उतरवल्या. साबण घेऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, जसे नम्रता रोज धुवायची तसे. चार दिवस त्या बघत होत्या ते हेच.

"तू जा," त्या म्हणाल्या. "ह्याला मी घेते. दाराला कडी लावून बसते, कुनाला शिवू देत न्हाय. भूक लागली तर पावडर पाजते, ह्याला सोसतंय. टोपडं वाळवून ठिवते, सोमवारी लागंल."

नम्रताने क्षणभर त्या बोटांकडे पाहिलं. मग पोर त्यांच्या हातात दिलं आणि रिक्षा गाठली.

इस्पितळात पोचली तेव्हा बाराला दहा कमी होते. हात धुऊन ती पंप घेऊन बसली. संतापाने आधी थेंब येईना. सिस्टरने मुलीला पेटीतून काढून समोर धरलं, तेव्हा कुठे पान्हा फुटला. पंचवीस मिली. सिस्टरने वाटी-चमच्याने ते सगळं पाजलं. "सकाळी तीस ग्रॅम चढलंय," ती म्हणाली. "पोटात राहू दे आता."

नम्रताने मुलीला खांद्याला लावलं. ढेकर आला आणि त्यापाठोपाठ आंबूस दुधाची एक गुळणी नम्रताच्या गळ्यावरून बारशाच्या नव्या पैठणीवर ओघळली. सिस्टर फडकं घेऊन धावली. "थोडंसंच आहे, बाकी राहिलंय," ती म्हणाली. नम्रताने फडकं घेतलं नाही. सकाळपासून पहिल्यांदा तिला कशाची किळस वाटत नव्हती.

मुलगी पेटीत परत गेली तेव्हा फोन वाजला. उत्तरेश्वर होता.

"किती घेतलं तिने? बाराची ओळ रिकामी दिसतेय."

"पंचवीस," नम्रता म्हणाली. "आणि त्याच्या वर आणखी एक ओळ घाला. नव्वद मिली, पाहुण्यांना. तिला कुठला रंग द्यायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. सगळ्यांना मेल मात्र करा."

तिने फोन पर्समध्ये टाकला आणि पुन्हा कोपरापर्यंत हात धुवायला गेली.