चौदाच मुलं

आमच्या ऑफिसात माझ्या अक्षराला मान होता आणि जिभेला सगळे वचकून असायचे. इन्सुलिन लागणारा मधुमेह झालेल्या मुलांची नोंदवही सहा वर्षं माझ्याकडे होती. अख्ख्या भागात चौदा मुलं. शेजारच्या भागात नव्वद! साहेब दर बैठकीत हा आकडा मिरवायचे. मीही मिरवायची, खोटं कशाला बोलू?

नियम साधा होता. रक्तातल्या साखरेचा आकडा असेल तरच नाव वहीत. तो रकाना रिकामा दिसला की दवाखान्याकडून आलेल्या अर्जावर ‘अपूर्ण’ असा शिक्का मारायचा आणि अर्ज कपाटाच्या खालच्या कप्प्यात.

त्या मंगळवारी सकाळी एका लांबच्या दवाखान्यातली म्हातारी नर्स स्वतःच आली. बसा म्हटलं तरी बसली नाही.

“बाई, माझे पाच अर्ज तुम्ही वहीत घेतले नाहीत.”

“आकडा कुठे होता?”

“आमच्याकडे मशीनच नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायच्या आत पोरं गेली.”

“मग काय करू? अंदाजपंचे नावं लिहू?”

“नका लिहू. एकदा वाचा तरी.”

ती गेल्यावर मी अर्ज काढले, तेही तिच्या चुका शोधायला. पाचही मुलांचं तेच. सारखी तहान. अंथरूण ओलं. पंधरा दिवसांत कपडे ढगळ. मग उलट्या, धाप आणि श्वासाला पिकल्या फळाचा वास.

मी पाचही अर्ज पुन्हा पहिल्यापासून वाचले.

बहीण नोकरीच्या कामाने परगावी गेली होती, म्हणून तिची नऊ वर्षांची मुलगी महिनाभर माझ्याकडे होती. पाण्याची बाटली हातातून सुटत नाही म्हणून मी तिला मासोळी म्हणायला लागले होते. दोनदा अंथरूण ओलं केलं, तेव्हा “एवढी घोडी झालीस!” म्हणून रागावले होते. स्कर्ट कमरेतून घसरायला लागला, तर पिन लावून दिली. त्या सकाळी तिला उलटी झाली होती. साखरेचा विचार मनात आला नाही असं नाही. आला होता. पण चौदा मुलांचा आजार नेमका आपल्याच घरी कशाला येईल, म्हणून मी डबा उचलून ऑफिस गाठलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

घरी फोन लावला. आईने उचलला.

“झोपलीय गं. पण श्वास बघ कसा घेतेय, पळून आल्यासारखा.”

“तिच्या तोंडाचा वास घे.”

“काय?”

“आई, वास घे म्हणते ना!”

फोन बाजूला ठेवून आई तिच्याजवळ जाऊन आली. मग आई हळूच म्हणाली, “पिकल्या केळ्यासारखा येतोय. पण सकाळपासून पोटात काहीच नाही तिच्या.”

तासाभरात आम्ही मोठ्या दवाखान्यात होतो. ड्युटीवर तरुण डॉक्टर होता. त्याने पोट दाबून पाहिलं. “पोट बिघडलंय. सलाईन लावतो, संध्याकाळी घरी न्या.”

“साखर तपासा.”

“मावशी, उगाच घाबरू नका. तो आजार आपल्याकडे जवळजवळ नाहीच. अख्ख्या भागात चौदाच मुलं आहेत.”

“तो आकडा माझा आहे!” मी ओरडले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. “मी लिहिलाय तो, आणि तो खोटा आहे. आधी तिचं बोट टोचा.”

त्याने बोट टोचलं. मशीनवर आकडा आलाच नाही. साखर मशीनच्या मापापलीकडे गेली होती. डॉक्टरचा चेहरा पांढरा पडला आणि मग एकच धावपळ उडाली.

दुपारी तो माझ्याजवळ आला. “उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही,” म्हणाला. हातात माझ्याच ऑफिसचा अर्ज होता. “लॅबचा आकडा यायचाय. तोवर या रकान्यात काय लिहू?”

“रिकामा ठेवा. तरी नाव मी वहीत घेईन.”

मासोळीने डोळे किलकिले केले. “मावशी, पाणी.” नर्सने सांगितल्याप्रमाणे मी तिचे ओठ ओल्या कापसाने टिपले.

खालच्या कप्प्यात एकेचाळीस अर्ज आहेत, माझ्या सुबक अक्षरात क्रमांक घालून लावलेले. त्या मुलांनीही असंच पाणी मागितलं असेल. आणि त्यांच्या आईबापांना कुणीतरी समजावलं असेल, घाबरू नका, अख्ख्या भागात चौदाच मुलं आहेत.